येईपर्यंत धर

“इथे कुणालाच जिंकायचं नाहीये! भाषणं ठोकायची, सभ्यपणे हरायचं आणि घरी जाऊन झोपायचं!”

शर्वाणी केळुसकर लंडनच्या संसदेच्या गच्चीवर येरझारा घालत होती. संध्याकाळ उतरली होती. थेम्सवरून धुकं चढत होतं. पलीकडचे दिवे काठ सोडून पाण्यावर निघाल्यासारखे दिसत होते.

बाकावर म्हातारे पेनरोझ चहाचा कप घेऊन बसले होते. उभं आयुष्य त्यांनी विरोधी बाकांवर काढलं. राजकारण ती त्यांच्याच हाताखाली शिकली. तिथे प्रत्येक मंत्र्यासमोर विरोधी पक्ष आपला एक छायामंत्री उभा करतो. आरोग्यमंत्री लॉकहार्ट यांच्यासमोर ती होती.

“सर, आज एका मताचा प्रश्न आहे. माझ्या. छोटी इस्पितळं बंद करणारं हे सरकारी विधेयक पडेल!”

“मग अडलंय कुठे?”

“लॉकहार्ट आजारी आहेत. सकाळी मीच त्यांना म्हटलं, तुम्ही उपचार घ्या. तुम्ही नाही, तर मीही मत देणार नाही.”

ही तिथली जुनी रीत. लेखी काही नसतं. समोरच्या पक्षात असा मत न देणारा जोडीदार मिळाला नाही, तर आजाऱ्याला स्ट्रेचरवरून मतदानाला आणत.

“ऐकलं कुणी?”

“नाही.”

“मग जा की.”

मतदानाची घंटा वाजू लागली. ती थांबली की दारं बंद.

पेनरोझ उठले. काठोकाठ भरलेला कप त्यांनी तिच्या हातात दिला.

“येईपर्यंत धर हं.”

आणि काठी टेकत ते मतदानाला निघाले, धुक्यात दिसेनासे झाले.

शेजारीच रुंद कठडा होता. कप केव्हाही ठेवता आला असता. तिला आपल्या मतदारसंघातलं, बंदरावरचं इस्पितळ दिसत होतं. त्याची एकेक खिडकी विझत होती...

घंटा थांबली.

पेनरोझ परतले. “ठेवायचास की कठड्यावर.”

“तुम्ही धर म्हणाला होतात.”

“बघत कोण होतं?”

“हरलो, सर.” तिने कप पुढे केला.

“हरलो. उद्या पुन्हा भांडू.” त्यांनी कप घेतला आणि गार चहा शांतपणे पिऊन टाकला.

तेवढ्यात दरवान आला. “बाई, लॉकहार्टसाहेबांचा फोन होता. निकाल विचारलाच नाही. म्हणाले, ‘शर्वाणी गच्चीवर असेल. बाहेर गारठा आहे, तिला आत बोलवा.’”