मागे वळून पाहणारा खंड्या

चीन देशात अंगरख्यांना खिसे शिवायची पद्धतच नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा माणसाचा निम्मा संसार कमरेला लटकलेला असायचा. तंबाखूचा बटवा, चष्म्याचं घर, पंख्याची पिशवी आणि सुगंधी पाल्याचा इवलासा बटवा. आणि हे सगळं घरच्या बायकांनी रेशमावर भरलेलं. रस्त्याने माणूस चालला की लोक आधी त्याच्या कमरेकडे बघत. याच्या घरी कुणाचा हात चालतो, घरात याच्यावर किती जीव आहे, ते तिथेच कळायचं. ओबडधोबड बटव्याचा धनी बिचारा खाली मान घालून चालायचा. पुढे खिसे आले, सोय झाली, आणि ती सगळी शोभा गेली. असो.

तर त्या काळी एका कालव्याकाठच्या गावात सूवेन नावाची एक बाई राहत असे. तिची आई बटवे भरण्यात पंचक्रोशीत नावाजलेली. त्यातही तिचा खंड्या म्हणजे विचारूच नका. कमळाच्या देठावर बसलेला निळाशार पक्षी, मान मागे वळवून पाहणारा. तो नेमका कुणाकडे पाहतोय ते कधी कुणाला कळलं नाही. पण पाहणाऱ्याला उगीचच वाटायचं, आपल्यालाच कुणीतरी मागून हाक मारली.

पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी तिकडे मोठा सण असतो. कालव्यात होड्यांच्या शर्यती लागतात आणि लहान मुलं गळ्यात नवे बटवे घालून काठाकाठाने हिंडतात. बटव्यात नागदवणा आणि लवंगा भरलेल्या असतात. त्या वासाने रोगराई दूर पळते असं मानतात. गल्लीत कुणाकडे मूल जन्मलं की त्याच्या पहिल्या सणाला सूवेनची आई खंड्याचा एक बटवा भरून द्यायचीच. मूल गोरं की काळं, आईबाप भांडखोर की गोड बोलणारे, हे ती बघत नसे.

या कामाची एक रीत होती. नक्षी आधी कागदात कातरायची, तो कागद रेशमावर खळीने चिकटवायचा आणि त्याच्यावरून टाके घालत जायचं. बटवा पुरा झाला की कागद आतच राहायचा, कायमचा. एका बटव्याला एक कागद खर्ची पडणारच. म्हणून मूळ नमुना कुणी वापरत नसे, त्याची नक्कल काढत. कोऱ्या कागदावर नमुना ठेवायचा, पाणी शिंपडून चिकटवायचा आणि दिव्याच्या धुरावर धरायचा. सगळा कागद काळा होतो, नमुन्याखालची जागा तेवढी पांढरी राहते. नमुना अलगद सोलून काढला की खाली पांढरा खंड्या बसलेलाच. मग फक्त कातरायचं.

नमुना मागायला लांबलांबून बायका येत. कुणाला मुलगी उजवायची असे, कुणाला सासूची मर्जी राखायची असे. सूवेनच्या आईने कधी कुणाला नाही म्हटलं नाही. हातातलं काम बाजूला ठेवून ती दिवा लावायची. छोटी सूवेन शेजारी बसून बघायची. ओल्या कागदाचा तो वास, बायकांच्या गप्पा, आईच्या नाकाच्या शेंड्याला लागलेली काजळी. दिवसभर ती काजळी तशीच असायची आणि कुणी तिला सांगायचं नाही. किती सुखाचे दिवस होते ते.

पण सूवेन मोठी झाली तसं तिला हे खुपू लागलं. जत्रेत परगावच्या बायकांच्या बटव्यांवर तिला आपल्या आईचा खंड्या दिसायचा. कुठे त्याचं पोट सुटलेलं, कुठे चोच वाकडी. ती घरी येऊन तणतणायची.

"आई, तू सगळ्यांना वाटतेस, आणि त्या त्याचा कावळा करून ठेवतात."

"करू दे गं," आई म्हणायची. "फिरतोय ना तो? मग झालं."

एके वर्षी आई गेली. नमुन्यांची जाडजूड वही सूवेनकडे आली. पानापानांत दाबून ठेवलेली फुलं, फुलपाखरं, मासे, आणि मधोमध तो खंड्या. सूवेन वही उराशी धरून रडली. आणि तिने मनाशी ठरवलं, आता हा कुणाला द्यायचा नाही. माझ्या आईचा खंड्या आहे हा. गावचा कालवा नाही, कुणीही यावं आणि घागर भरून न्यावी.

वर्ष झालं नसेल, तोच गल्लीतल्या बुरुडाची मुलगी दारात आली. आलियान तिचं नाव. तिचं लग्न ठरलं होतं. नव्या नवरीने सासरच्या प्रत्येक माणसासाठी स्वतःच्या हाताने भरलेला बटवा न्यायचा, अशी तिथली चाल.

"काकू," आलियान म्हणाली, "सासूबाईंनी मुद्दाम निरोप पाठवलाय. बाकी काही भर, नाही तर नको भरूस, पण तुमच्या गल्लीतला खंड्या तेवढा घेऊन ये. एक नक्कल काढू का? तुमच्यासमोरच काढते."

सूवेनच्या पाठीमागेच पेटी होती आणि पेटीत वही होती. ती अडखळली नाही.

"काय सांगू बाई, कसर लागली त्याला. नुसती चाळणी झाली. जीव तुटतो बघ माझा."

आलियानचा चेहरा उतरला. "तुमच्या आईची आठवण होती, काकू," एवढंच ती म्हणाली, आणि उलट सूवेनलाच धीर देऊन गेली. पुढे तिने साधी कमळं भरली आणि कालव्यापलीकडच्या गावी नांदायला गेली.

त्यानंतर सूवेनने वही पेटीच्या तळाशी घातली, वर गोधड्या रचल्या. आता दुसरं कुणी आलं तरी वही नजरेला पडायला नको. संसार वाढला, रेशमाच्या किड्यांना तुतीचा पाला घालता घालता दिवस जात. बटवे भरायला वेळ होईना. पण खंड्या आपल्याकडे आहे, एवढं तिला पुरत होतं. खरं सांगायचं तर तो आपल्याकडेच आहे, हेच तिला जास्त आवडत होतं.

वीसेक वर्षं अशी गेली. सूवेनच्या मुलीचं लग्न झालं, तिला मूल झालं. पाचव्या महिन्याचा सण पंधरा दिवसांवर आला तेव्हा मुलगी बाळाला घेऊन माहेरी आली.

"आई, बाळाचा पहिला सण आहे. बटवा आजीच्या खंड्याचाच हवा हं."

सूवेनला किती आनंद झाला. तिने गोधड्या बाजूला केल्या, वही काढली, उघडली. पानांचा भुगा तिच्या मांडीवर पडला. फुलं गेली होती, मासे गेले होते. खंड्याच्या जागी चोचीचा एक तुकडा आणि कमळाचं अर्धं पान उरलं होतं. खोटं बोलताना तिने कसरीचं नाव घेतलं होतं, आणि कसरीने जणू ते ऐकून ठेवलं होतं.

सूवेन सुन्न होऊन बसली. आईच्या हातचं तिच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. मग तिने आठवून कातरायला घेतलं. एक कागद, दुसरा, दहावा. देठ जमायचा, पंख जमायचे, पण मान वळली की खंड्याची कोंबडी व्हायची. मुलगी हसू दाबत म्हणाली, "आई, ही अंडं घालेल." सूवेनला मात्र हसू आलं नाही.

मग ती दारोदार हिंडली. आईने ज्यांना नकला दिल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच बायका वारल्या होत्या. उरलेल्यांनी आनंदाने आपापल्या वह्या पुढे केल्या. पण नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल, असं होत होत खंड्या सुजला होता. एकीच्या वहीत तर तो सरळ समोर बघत होता, जणू मागचं सगळं विसरला होता. आणि गल्लीतल्या मुलांचे ते जुने बटवे? मुलंच ती. कुणी हरवले, कुणाचे फाटले, कुणाचे उंदरांनी नेले.

शेवटी एक वयस्क शेजारीण म्हणाली, "एकीने जपलाय बघ. बुरुडाच्या आलियानने. लग्नाला निघाली तेव्हाही तिच्या गळ्यात होता, मी पाहिलाय."

जिच्या दारात जायला तोंड नव्हतं, नेमकं तेच दार उरलं होतं. सूवेन दोन दिवस घरातच घुटमळली. तिसऱ्या दिवशी सकाळी होडीत बसली.

आलियान आता पोक्त गृहिणी झाली होती. तिने सूवेनला आत नेलं, चहा दिला. कोपऱ्यात तिची सासू बसली होती, खूप थकलेली, दृष्टी जवळजवळ गेलेली. सूवेनने चाचरत येण्याचं कारण सांगितलं. आलियान उठली आणि बटवा घेऊन आली. रेशीम विटलं होतं, नाडी दोनदा बदललेली दिसत होती. पण खंड्या तोच. मान वळवून बघणारा. सूवेनला वाटलं, आई बघतेय.

"वरून कागद ठेवून गिरवून घ्या ना, काकू."

"नाही जमायचं. टाक्यांनी तो फुगलाय. आतल्या पिसांच्या चिरा वरून दिसत नाहीत. वरून गिरवला तर हाही लठ्ठच होईल." सूवेन थांबली. "खरा कागद आत आहे."

म्हणजे उसवावा लागणार, हे दोघींनाही कळलं. मग आलियानने बटवा सूवेनच्या हातात ठेवला.

"उसवायचा कशाला? हाच न्या बाळाला. तुमच्या आईच्या हातचा आहे, तुमच्याच घरी शोभेल."

सूवेनने तो घेतला. खोटं कशाला बोला, झटकन घेतला. बाहीत घातला, हात जोडले आणि घाटाकडे निघाली. होडी पलीकडच्या काठाला होती, म्हणून ती पायरीवर बसली आणि तिने बटवा नाकाशी धरला. नागदवण्याचा वास केव्हाच उडून गेला होता. तिच्या मनात आलं, सणापुरता बाळाच्या गळ्यात घालायचा आणि मग काढून ठेवायचा. कुठे ठेवायचा? पेटीत. तळाशी. वर गोधड्या.

ती दचकली. होडी काठाला लागली, माणसं उतरली, चढली, आणि होडी सूवेनशिवायच परत गेली.

"आलियान," ती पुन्हा दारात उभी राहून म्हणाली, "बटवा तुझा आहे. तू नको म्हणालीस तर मी तसाच परत देईन. पण तुझी परवानगी असली तर मी हा उसवते."

आलियानने बटव्याकडे पाहिलं. कळायला लागल्यापासून तो तिच्याजवळ होता. तिचे डोळे भरून आले.

"उसवा," ती म्हणाली. "पण कात्री दुसऱ्या कुणाच्या हातात नको. तुम्हीच उसवा."

खिडकीच्या उजेडात सूवेन बसली. आईचा एकेक टाका कापून चिमट्याने ओढू लागली. देठ गेला, पंख गेले. मानेशी आल्यावर तिला रेशमाला बारीक बारीक भोकं दिसली, एकाशेजारी एक. आईने ही मान भरून उसवली होती, पुन्हा भरून पुन्हा उसवली होती. तिसऱ्यांदा जमली होती. शेजारच्या बुरुडाच्या तान्ह्या पोरीसाठी, जिच्याशी तिचं ना नातं ना गोतं, आईने एवढा जीव काढला होता. सूवेनला रडू आवरेना. ती रडत रडतच उसवत राहिली.

अखेर कागद सुटा झाला. पिवळा पडलेला, सुयांच्या भोकांनी भरलेला, पण सबंध. म्हातारी सासू कोपऱ्यातून सरकत पुढे आली. तिने हात पुढे केला.

"दे बघू इकडे." तिने कागदावरून बोट फिरवलं. "शेपटीखाली दोन बारीक चिरा आहेत का गं?"

"आहेत," सूवेन म्हणाली.

"मग हा मूळचा माझ्या सासूचा नमुना. ती अशाच पाडायची." म्हातारी हसली. "तुझी आई तेव्हा नवी नवरी होती. तुमच्या गावात नवखी, कुणी ओळखीचं नाही, हातात कला पण नमुना एकही नाही. चालत आली होती इथवर, चिखलाने भरलेली. माझ्या सासूने आधी तिचे पाय धुवायला पाणी दिलं आणि मग दिवा लावला. पुढे पुराचं पाणी आमच्या घरात शिरलं, सगळे नमुने वाहून गेले. तेव्हापासून मनात होतं, तुमच्या गल्लीतली सून आली तर खंड्या घरी येईल."

सूवेनच्या हातातला चिमटा खाली पडला. ज्या घराने तिच्या आईला खंड्या दिला, त्याच घराने तो एकदा परत मागितला होता, आणि तिने दार लावलं होतं.

"आजी," ती म्हणाली, "कसर लागली नव्हती तेव्हा. खोटं बोलले होते मी."

"माहीत आहे," म्हातारी म्हणाली. "सूनही जाणून होती. आम्ही म्हटलं, असू दे. आईवर जीव आहे पोरीचा, अजून सोडवत नाही तिला."

त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर सूवेनला सोपं गेलं असतं. तिने डोळे पुसले आणि आलियानकडे दिवा मागितला. पाणी शिंपडलं, कागद धुरावर धरला, नमुना सोलला. खाली स्वच्छ पांढरा खंड्या निघाला.

मग मूळ कागद तिने म्हातारीच्या हातात ठेवला, आणि नक्कल घेऊन ती होडीत बसली.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: जे आपण आपलं म्हणून मुठीत आवळून धरतो, ते कधीतरी दुसऱ्या कुणी मूठ उघडली म्हणूनच आपल्यापर्यंत आलेलं असतं.