दुप्पट धुण्याचा धडा

राजपुत्र सुबाहू बहुपदी आणि घातांकाच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाला, आणि राजा धूम्रकेतूने राज्यातल्या एकुलत्या एका शाळेला कुलूप ठोकलं!

“जे माझ्या मुलाला कळत नाही, ते रयतेच्या पोरांना कळून करायचंय काय?” महाराज गरजले.

राजपुत्राच्या दिमतीला चांगले अकरा शिक्षक होते. एक व्याख्या सांगे, दुसरा ती घोकून घेई, तिसरा पहिल्याला चूक ठरवी. उदाहरणं मात्र प्रत्येक जण तीनच सोडवून दाखवी आणि “बाकीची अशीच!” म्हणून जेवायला जाई. पोरगं बिचारं काय करणार!

शाळेला कुलूप लागलेलं पाहून परटाची तुळसा चवताळली. वर्गात तिचा पहिला नंबर होता आणि तिला त्याच शाळेत शिक्षिका व्हायचं होतं. ती तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

“महाराज, कुलूप काढा. राजपुत्रांना मी शिकवते.”

“अकरा जण थकले आणि तू शिकवणार? बरं! पाटी नाही, खडू नाही, पोथी नाही. त्यालाही कळलं पाहिजे आणि मलाही! नाही जमलं, तर जन्मभर राजवाड्याचं धुणं बडवशील.”

“चालंल! मग धुण्यानंच शिकवते. रोज मला राजवाड्यातले मळके कपडे द्यायचे. एक तर दिवसाच्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणून, ही झाली बहुपदी. नाहीतर पहिल्या दिवशी एक आणि मग रोज कालच्या दुप्पट, हा झाला घातांक. कोणतं ते तुम्ही ठरवा, पण ठरलं की मोडायचं नाही. कपडे आमच्या रिवाजाप्रमाणं आठवड्यानं परत मिळतील.”

नोकरांना उगाच दगदग नको म्हणून महाराजांनी शिक्षकांना विचारलं, “यातलं हलकं कोणतं?”

अकराही जणांनी तीन दिवसांचा हिशेब केला. बहुपदीचे एक, चार, नऊ. घातांकाचे एक, दोन, चार. “घातांक हलका, महाराज! बाकीचं असंच!”

महाराजांनी शिक्का मारला.

पहिल्या दिवशी एक उपरणं गेलं. दुसऱ्या दिवशी दोन सदरे. सहाव्या दिवशी बत्तीस कपडे गेले, तेव्हा मुख्य शिक्षक मिशीवर हात फिरवत म्हणाले, “बहुपदीचे छत्तीस झाले असते!”

सातव्या दिवशी चौसष्ट गेले. बहुपदीचे एकोणपन्नासच झाले असते, आणि मुख्य शिक्षक मिशी सोडून पुन्हा बोटं मोजू लागले. आठव्या दिवशी एकशे अठ्ठावीस. नवव्या दिवशी दोनशे छप्पन्न भरेनात, तेव्हा सरदारांना कोऱ्या अंगरख्यांसकट अंगणातल्या मातीत लोळायची आज्ञा झाली. बिचारे लोळले!

दहाव्या दिवशी तुळसा पाचशे बारा कपडे मागायला आली. दरबारात महाराज खिडकीचा पडदा गुंडाळून बसले होते. सरदार खांबांआड उभे होते. अकरा शिक्षक एकाच सतरंजीखाली दाटीवाटीने बसून एकमेकांना दोष देत होते.

“बहुपदी घेतली असती तर?” महाराजांनी दबक्या आवाजात विचारलं.

“आज शंभरातच भागलं असतं, महाराज. मागं राहिलेला दुप्पटवाला एकदा पुढं गेला की बहुपदीला सापडत नाही!” तुळसा सिंहासनाआड दडलेल्या राजपुत्राकडे वळली. “सांगा बघू, उद्याचे कपडे किती?”

“एक हजार चोवीस!” सुबाहू ओरडला. “आणि परवा दोन हजार अठ्ठेचाळीस!”

महाराज उडालेच. “तुला कसं आलं रे हे?”

“काल माझा सदरा गेला, बाबा, आज धोतर! उद्या काय जाईल याच्या धास्तीनं मी सकाळपासून हिशेबच करतोय!”

महाराजांना हसू आवरेना. अकरा जणांना जे तीन वर्षांत जमलं नाही, ते एका धोतरानं केलं होतं! पोट धरून हसत त्यांनी कमरेची किल्ली काढून पुढे केली. “घे! शाळा उघड, आजपासून मुख्याध्यापिका तूच! आणखी काय हवं ते माग!”

“मागते, महाराज,” तुळसा घाईने पाठ फिरवत म्हणाली, “पण आधी पडदा धरा!”