चौथा सिलिंडर

तासगावच्या ट्रान्सपोर्टमधला जुना ट्रक उभ्या उभ्या थरथरत होता. नवे मॅनेजर खर्डेकर म्हणाले, "इंजिन खोला."

हुसेन मिस्त्रींनी खोललं नाही. चालू इंजिनात एकेका सिलिंडरचं डिझेल क्षणभर बंद केलं. दरवेळी इंजिन आणखी गचके खाई. चौथ्याला मात्र काहीच फरक पडला नाही.

"हाच काम करत नाही," म्हणत त्यांनी त्याचा डिझेल फवारणारा नोझल बदलला. ट्रक शांत चालू लागला.

खर्डेकरांना युक्ती फार आवडली. "आता एकेका माणसाला आठवडाभर रजा देतो. ज्याच्यावाचून अडणार नाही, त्याला काढून टाकतो."

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "सुरुवात झालीय, साहेब. मागचा आठवडा तुम्ही महाबळेश्वरला होतात. एकही गाडी उशिरा सुटली नाही."