हणमंतची पक्कड

“मग साखळी का टाकली नाही त्यानं?”

मुकुंद रायरीकरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

अप्पा समोरच्या नारळांकडे बघत होते.

“अप्पा, मी चौकशीला आलोय. दर्शनाला नाही.”

“दर्शनाला कुणी बोलावलंय तुला? बस की.”

रायरीकर बसले नाहीत. पँट पांढरी होती.

अप्पा म्हणजे बसलिंग उमराणी. पठाराखालच्या सबस्टेशनवर तीस वर्षं ऑपरेटर. कुठल्या तारेत वीज सोडायची आणि कुठली तार बंद करायची, हे त्यांच्या हातात. चाळीस दिवसांपूर्वी त्यांनी बंद केलेल्या एका तारेवर हणमंत बिळूर नावाचा लाइनमन भर दुपारी मेला. अप्पा त्याच दिवशी नोकरी सोडून पठारावरच्या जंगमाच्या मठात येऊन बसले. गावाशी बोलणं बंद.

आपल्याकडे माणूस महिनाभर गप्प बसला की लोक त्याच्या पाया पडायला लागतात. अप्पांसमोर नारळांचा ढीग झाला होता. त्यांनी तो हलवला नाही. नको असंही म्हणाले नाहीत.

रायरीकर त्यांचेच शिष्य. अठ्ठावीस वर्षांपूर्वी शिकाऊ इंजिनिअर म्हणून अप्पांच्या हाताखाली होते. आता दिल्लीतल्या समित्यांवर असतात. देशात पुढे ऊन किती वीज देणार, वारा किती, कोळसा किती, दुपारी भाव काय आणि दिवेलागणीला काय, याचा जाडजूड अहवाल दर वर्षी लिहितात. लोक तो खरा धरून चालतात. खरा असणं आणि खरा धरला जाणं यात फरक असतो, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नाही. सांगणार कोण? सगळे त्यांच्याकडूनच शिकलेले.

त्यांच्या हातात एक कागद होता. तीन ओळी टाइप केलेल्या.

पुरवठा सबस्टेशनातून बंद होता.

बंद केलेल्या जागी कुलूप होते.

मयत कामगाराने तारेवर साखळी न टाकता काम सुरू केले.

खाली अप्पांच्या सहीची जागा. तिथे सही पडली की हणमंत स्वतःच्या चुकीनं मेला, हे कायमचं ठरणार होतं.

“खोटं काय आहे यात?” रायरीकरांनी विचारलं.

“काहीच न्हाई.”

“मग करा सही.”

अप्पा उठले. कोपऱ्यातली लोखंडी साखळी त्यांनी खांद्यावर टाकली.

“तारेपाशी करतो. चल.”

मठाच्या पायरीवर हणमंतची बायको बसली होती. महादेवी. ती रोज यायची, पण नारळ आणायची नाही. अप्पांच्या पायाही पडायची नाही. साऱ्या पठारावर तेवढीच एक शहाणी.

“साहेब,” ती रायरीकरांना म्हणाली, “त्यांची पक्कड तेवढी काढून द्या. तारेलाच अडकलीया अजून.”

“चाळीस दिवस? कुणी काढली नाही?”

“कोण जाईना. दुपारी तार बोलती म्हणत्यात.”

“बंद आहे ती तार.”

“व्हय. तसंबी म्हणत्यात.” तिनं पदर सावरला. “त्यांची चूक हुती का, साहेब?”

रायरीकरांनी घड्याळ पाहिलं.

“चौकशी चालू आहे, ताई.”

अप्पा पुढे निघून गेले होते.

दुपारचा एक वाजला होता. पठारावर वारा असा, की बोललेलं तोंडातच परत यावं. कुसळं आडवी झालेली. आणि त्या वाऱ्यात साठ पवनचक्क्या उभ्या होत्या. एकीचंही पातं हलत नव्हतं.

जवळून जाताना पात्यांच्या कडेवरून वारा शीळ घालत जायचा. एकीची थांबली की दुसरीची सुरू. मेंढरंसुद्धा तिथे चरत नव्हती.

“का थांबल्यात ह्या?” अप्पांनी विचारलं.

“वरून थांबवल्यात. दुपारी सोलरचीच वीज देशात इतकी होते की घेणारा नसतो. भाव जवळजवळ शून्यावर येतो. संध्याकाळी ऊन गेलं की तीच वीज सोन्याच्या भावानं. मी आठ वर्षांपूर्वीच लिहिलं होतं हे.”

“म्हंजे आता वीज हाय, पर कुणाला नको.”

“बरोबर.”

“मग ती जाती कुठं?”

“कुठं म्हणजे? तयारच होत नाही. यंत्रं बंद करतात.”

“सगळी?”

रायरीकर हसले. शिकलेली माणसं म्हाताऱ्याकडे बघून हसतात तसं.

“सगळी, अप्पा. तशी व्यवस्था असते.”

अप्पा चालत राहिले. शीळ वाजत राहिली...

खांबाभोवती गावकऱ्यांनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं. हणमंत त्या दिवशी फुटलेला इन्सुलेटर, तारेखालची चिनी मातीची वाटी, बदलायला चढला होता. तेव्हा सुटलेली तार अजून खांबाच्या बाजूला लोंबकळत होती. उभ्या माणसाचा हात पोचेल इतकी खाली. तिच्या पिळात पक्कड अडकलेली. लाल मुठीची. एका मुठीचा रंग जळून काळा.

खाली जमिनीत वर्तुळभर गवत नव्हतं.

रायरीकर थांबले.

आवाज येत होता. वाऱ्याचा नव्हता. बारीक, एकसुरी... जात्यापाशी कुणी बाई बसून ओठ मिटून गुणगुणतेय तसा.

“हे काय आहे?”

“बंद तार.”

“बंद तार आवाज करत नाही, अप्पा.”

“मी बंद केलीया.” अप्पांनी गळ्यातली पितळी किल्ली दाखवली. इष्टलिंगाच्या शेजारी बांधलेली. “कुलूप अजून तसंच हाय. जाऊन बघ.”

रायरीकर कुंपणापाशी गेले. हातावरचे केस उभे राहिले होते. त्यांनी बाही खाली ओढली.

तेवढ्यात ढगाची एक सावली पठारावरून सरकत आली. पवनचक्क्यांवरून, कुसळांवरून, त्या दोघांवरून.

तार गप्प झाली.

एकदम.

सावली पुढे गेली. ऊन आलं. तार पुन्हा गुणगुणायला लागली.

रायरीकरांनी तारेच्या दिशेनं लांब पाहिलं. खांबांची रांग एका पोल्ट्रीच्या शेडपाशी संपत होती. मालकानं दोन वर्षांपूर्वी धंदा बंद केला होता. कोंबड्या नाहीत, राखणदार नाही. पण छतभर सोलरच्या काचा चकाकत होत्या, आणि भिंतीतले मोठे पंखे फिरत होते. रिकाम्या शेडला वारा घालत.

रायरीकरांना समजावून सांगायची गरज नव्हती. तारेतली वीज गेली की छतावरच्या सोलरच्या यंत्रानं आपोआप थांबायला हवं. नाहीतर सबस्टेशनकडून बंद केलेल्या तारेत ते मागून वीज सोडतं. यंत्र थांबतं की नाही, याची तपासणी करायचा नियम आहे. जुन्या यंत्रांना त्या तपासणीतून दोन वर्षं सूट द्यावी, असं एका अहवालात लिहिलेलं होतं. कारण दिलं होतं, वाढीचा वेग मंदावू नये.

अहवाल कुणाचा, ते त्यांना माहीत होतं.

“पुरवठा बंद हुता,” अप्पांनी विचारलं, “असंच लिवलंय न्हवं कागदावर?”

“... हो.”

“मग धर तार. अन् दे कागद, सही करतो.”

रायरीकरांचा हात वर गेला. का गेला, त्यांनाच ठाऊक. अर्ध्यावर गेला आणि थांबला.

तार गुणगुणत होती.

हात खाली आला.

“तरी साखळी टाकायला हवी होती त्यानं,” रायरीकर म्हणाले. आवाज चढलेला. “नियम आहे. तार बंद केली तरी चढण्याआधी साखळी टाकायची. एक टोक तारेवर, एक जमिनीत. वीज आलीच तर मातीत जाते, माणसात नाही. पहिल्या दिवशी शिकवतात हे!”

“तुला कुणी शिकवलं?”

“तुम्ही.”

“अन् तू टाकलीस तवा मी काय केलं?”



सबस्टेशनवरच्या जुन्या माणसांना तो किस्सा पाठ होता. अप्पांनी फोनवरून ‘बंद’ म्हणून सांगितलं होतं, आणि तेवीस वर्षांच्या मुकुंदानं तरीही तारेवर साखळी टाकली होती. अप्पांनी चारचौघांत विचारलं होतं, “माझ्या शब्दावर साखळी टाकतोस व्हय रे?” आठ दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. त्याच्या हातचा चहा घेतला नव्हता. सगळे हसले होते.

त्यानंतर त्या सबस्टेशनवर कुणी साखळी टाकली नाही. अप्पांनी बंद म्हटलं की बंद. पोरं अभिमानानं सांगायची. अप्पा ऐकून मान हलवायचे, आणि मिशीत हसायचे. हणमंत तर त्यांचा लाडका.

“त्यानं फोनवर इचारलं,” अप्पा म्हणाले, “‘अप्पा, बंद?’ मी म्हनलं, ‘बंद.’ तो म्हनला, ‘मग झालं.’”

वारा सुटलेला...

“माझ्या शब्दावर तू साखळी टाकलीस,” अप्पा म्हणाले. “तू हाईस.”

नजर पकडीकडे.

त्यांनी खांद्यावरची साखळी काढली. एक टोक खांबाच्या बुडातल्या लोखंडाला बांधलं. गाठ दोनदा ओढून पाहिली. रायरीकरांना छातीवर हात ठेवून मागे ढकललं. आणि स्वतः बंद केलेल्या तारेवर, तीस वर्षांत पहिल्यांदा, साखळी भिरकावली.

फाट्कन आवाज झाला. उन्हातसुद्धा दिसेल असा निळा लोळ उठला. साखळी सापासारखी उसळली आणि तारेवरून निसटून धुळीत पडली.

जळकट वास आला. चाळीस दिवसांपूर्वी आला असेल तसाच.

लांबच्या शेडमधले पंखे थांबत थांबत थांबले. यंत्रानं झटका खाल्ला होता; असली यंत्रं थोड्या वेळानं आपोआप पुन्हा सुरू होतात.

तार गप्प झाली. आता ऊन असूनही.

अप्पांनी हात पुढे केला. रायरीकरांनी कागद दिला, पेन दिलं. अप्पांनी उकिडवं बसून, कागद मांडीवर धरून तिसऱ्या ओळीखाली सावकाश लिहिलं:

कारण मी बंद म्हणालो होतो, आणि माझ्या शब्दावर साखळी टाकलेली मला खपत नसे.

सही केली. कागद परत दिला. पेनही.

कागदावर अजून जागा होती.

रायरीकर त्या जागेकडे बघत राहिले. बराच वेळ. एवढ्या वेळात त्यांनी अख्ख्या देशाचा अंदाज बांधला असता.

“हे लिहिलं तर मला पुन्हा कुणी काही विचारणार नाही, अप्पा.”

अप्पा पवनचक्क्यांकडे बघत होते.

“सगळ्या समित्या जातील. वीस वर्षांचं काम...”

शीळ वाजत होती.

रायरीकर खाली बसले. मातीत, पांढऱ्या पँटनं. गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी एकच ओळ लिहिली. सूट कुणी मागितली, कुठल्या अहवालात, कुठल्या पानावर. नाव पूर्ण लिहिलं, पदव्यांशिवाय. सही केली. अक्षर शिकाऊ पोराचं असावं तसं आलं होतं.

मग उठले. मागे पाहिलं. मठाच्या पायरीवर महादेवी तशीच बसलेली दिसत होती, ठिपक्याएवढी. इकडेच बघत होती.

रायरीकरांनी बाभळीच्या काट्या पायानं बाजूला केल्या. बिनगवताच्या वर्तुळात उभे राहिले. पक्कड डोक्यावर हातभर. जळकी मूठ त्यांच्या बाजूला.

तारेचा आवाज नव्हता.

निदान ऐकू येत नव्हता. वाराच इतका होता. आणि लांबच्या शेडमध्ये, छताच्या सावलीत, एक पंखा हलला की नुसतं ऊन हललं, ते इथून समजत नव्हतं.

त्यांनी हात वर केला.

“अप्पा...” मागे न बघता ते म्हणाले. आवाज तेवीस वर्षांच्या पोराचा. “बंद आहे ना?”

अप्पांनी धुळीतली साखळी पायानं त्यांच्याकडे सरकवली.

“मला इचारू नगंस.”