कानसमावशीच्या गुदगुल्या

साखळीकरवत रानात नवी नवी आली होती, तेव्हाची ही गोष्ट. तिच्या साखळीला काही दात डाव्या अंगाचे, काही उजव्या अंगाचे.

एके सकाळी कानसमावशी धार लावायला आली. डावे दात गुमान धार लावून घेत बसले. उजवे मात्र अंग चोरून खिदळायला लागले, “मावशे, नको गं, गुदगुल्या होतात!”

मावशी पडली मवाळ. “बरं बाबांनो,” म्हणाली आणि उजव्यांना बोथटच सोडून गेली.

दुपारी गावजेवणासाठी बाभळीचा ओंडका कापायचा होता. भाताचं आधण लाकडावाचून खोळंबलं होतं. करवत सुरू झाली ती धारदार दातांच्या ओढीनं डावीकडेच वळत गेली आणि मधेच अडकली.

ओंडका हसला, “अगं बाई, लाकूड कापतेस की जिलबी पाडतेस?”

करवत कशीबशी बाहेर निघाली. उजवे दात ओशाळले. आपल्यापायी अख्खा गाव उपाशी बसायचा! त्यांनीच हाक मारली, “मावशे, ये गं. आम्ही कितीही हसलो तरी थांबू नकोस.”

मावशीनं सावकाश एकेक दात घासला. मग करवत अशी सरळ गेली, की ढलप्या फुलांसारख्या उधळल्या, आणि चुलाण पेटलं.

आजही धार लावताना खिस्‌ खिस्‌ आवाज येतो. लोक म्हणतात, कानस चालली. कसली कानस! उजवे दात हसतायत, पण जागचे हलत नाहीत.