भुतांच्या अवसेचे घारगे

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते आणि त्या गावात एक भोपळेवाली राहत होती. भित्री म्हणजे किती भित्री? स्वतःच्या सावलीलासुद्धा ती आधी वाट करून द्यायची.

गावाची एक समजूत होती. पिके घरात आली की येणाऱ्या अवसेला भुते दारोदार फिरतात आणि जो दार उघडेल त्याला घेऊन जातात. म्हणून त्या दिवशी दिवेलागणीलाच सारा गाव कड्या लावून बसे.

नेमका अशाच एका अवसेला परगावचा एक बहुरूपी बायको आणि लहान मुलीसह तिथे आला. सोंग घेऊनच गावात शिरायचे, ही बहुरूप्यांची रीत. आणि त्या दिवशीचे सोंग होते भुताचे. तोंडाला पीठ, डोळ्यांभोवती काजळ, केस मोकळे.

त्याने पाटलाचे दार ठोठावले. "पाटील, आम्ही बहुरूपी. पोरगी उपाशी आहे, पुढं सगळं रान आहे. आज इथं टेकू द्या."

पाटलाने फटीतून पाहिले आणि दाराला जाते लावले. "भुतं असंच गोड बोलतात," तो आतून म्हणाला.

पुढच्या घरी मिरच्यांची धुरी मिळाली. त्याच्या पुढच्या घरी कोणी ताट बडवले. शेवटी भोपळेवालीचे घर तेवढे राहिले. ती चुलीपाशी लाल भोपळ्याचे घारगे तळत होती. दार वाजले तशी तिची दातखीळच बसली.

मग बाहेरून बारीक आवाज आला, "आई, गुळाचा वास येतोय." आणि मागोमाग एक शिंक.

भोपळेवाली विचारात पडली. भूत असेल तर आपल्याला नेईल, हे खरेच. पण हे भूत फार लहान आहे, त्याला सर्दी झाली आहे आणि भूकही लागली आहे. डोळे घट्ट मिटून तिने कडी काढली.

"जे कोणी असाल ते आधी खाऊन घ्या," ती म्हणाली. "मग न्यायचं तर न्या."

छोट्या भुताने पोटभर घारगे खाल्ले आणि ते तिच्याच मांडीवर झोपले. तेव्हा कुठे भोपळेवालीने एक डोळा उघडला.

घारग्यांसाठी कोरलेला रिकामा भोपळा बहुरूप्याने उचलला. त्याला डोळे आणि दात कापले, आत पणती लावली आणि तो उंबऱ्याबाहेर ठेवला. "आता खरी भुतं याला बघून पळतील, माय. आणि वाट चुकलेल्याला कळेल, की हे दार उघडतं."

सारा गाव फटींतून पाहत होता. भोपळेवालीला कोणी नेले नाही. उलट तिच्या घरातून हसण्याचे आवाज येत होते, वर घारग्यांचा वास. अखेर पाटलाने जाते बाजूला सारले आणि दुधाचा तांब्या घेऊन तो मान खाली घालून तिच्या दारात आला. "पोरीसाठी आणलंय," तो पुटपुटला. त्याला लाज वाटत होती, आणि वाटायलाच हवी होती. घारगा मात्र त्यालाही मिळाला.

तेव्हापासून त्या अवसेला गावात दारोदार भोपळे हसतात. मुले पीठ-काजळ फासून भुते होतात आणि घरोघर घारगे मागतात. भोपळेवालीची भीती काही गेली नाही, ती डोळे मिटूनच कडी काढते. पण सगळ्यांत आधी तिचेच दार उघडते.

तात्पर्य: भीती वाटली तर वाटू द्यावी, पण दारात भुकेला उभा असेल तर कडी काढावी.