चंद्राक्काचे लख्ख दगड

माणसांना कांदेपोहे सुचले त्याच्याही आधीची ही गोष्ट. एका तळ्यात चंद्राक्का नावाची कटला मासळी वरच्या पाण्यात मिरवत असे. लेकीला बघायला शेजारच्या तळ्यातले पाहुणे पाटाच्या पाण्यातून येणार, म्हणून ती जन्मात पहिल्यांदा तळाशी उतरली आणि किंचाळलीच, "अगंबाई! दगडांवर हा शेंबूड कसला?"

"आम्ही जिवाणू, आक्का," त्या बुळबुळीत थरातून बारीक आवाज आला. "तुमची घाण आणि माणसं तळ्यात टाकतात त्यातली उरलेली पेंड खातो."

"शी! आणि हे तोंड वर करून सांगता?"

तळाशी राहणारा म्हातारा मृगळ मासा म्हणाला, "आक्का, त्यांच्या वाटेला जाऊ नका."

"चिखलात लोळणाऱ्यांनी मला शिकवू नये," म्हणत तिने सगळ्या माशांना जुंपलं. शेपट्यांनी घासून दगड लख्ख झाले आणि जिवाणू सांडव्यातून वाहून गेले.

चौथ्या दिवशी घाण आणि पेंड साचली, पाणी कल्ल्यांना झोंबू लागलं. लेकीने खाणं सोडलं, ती वाळत चालली. "लग्नाच्या पोरी लाजून खात नाहीत," चंद्राक्का सगळ्यांना सांगत सुटली.

आठव्या दिवशी पाहुणे आले, तेव्हा सगळं गोत पाण्यावर तोंडं काढून धापा टाकत होतं. मुलाच्या आईने तळ गाठला, एका दगडावरून शेपूट फिरवली आणि तडक परत निघाली.

"का हो विहीणबाई, स्वच्छता आवडली नाही?" चंद्राक्काने धापा टाकतच विचारलं.

"आवडली की! पण तुमची घाण खायला आता घरात कुणी उरलं नाही, आणि आमच्या मुलाला ती सवय नाही."